नव्या चाकूला नाव ठेवताना

मूठ बसली, रिबिटं घासून सपाट झाली, जवसाच्या तेलाचा पहिला हात फिरला, की चाकूला लगेच नाव द्यावंसं वाटतं. तेवढं थांबा. त्या घडीला चाकू सगळ्यात देखणा दिसतो आणि सुचणारी नावंही तशीच भारदस्त असतात: वज्र, दामिनी, रणधीर. पण अजून त्यानं एक कांदा चिरलेला नसतो. महिनाभर वापरून मग ठेवलेलं नाव घरात टिकतं, हा माझा अनुभव आहे, आणि ते कसं ठेवायचं हेच इथं सांगते.

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये तपासणीचं काम करते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाकू करते: भाजीचे, फळांचे, कलमाचे, क्वचित एखादा मटणाचा सुरा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सिन्नरचे सुतार. लाकूड ओळखायला त्यांनी शिकवलं, पोलाद ओळखायला कारखान्यानं. शेडमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक चाकूला नाव आहे.

नाव कशाला, असं विचारणारे भेटतात. माझं उत्तर गंजाचं आहे. मी कमानपट्टीचं, म्हणजे गाडीच्या लीफ स्प्रिंगचं पोलाद वापरते. त्याला धार छान येते आणि निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, लवकर लागते, पण ते स्टेनलेस नाही. ओलं राहिलं की रात्रीत लाल पडतं. ‘चाकू धुऊन ठेव’ म्हटलं की चाकू बाकीच्या भांड्यांबरोबर सिंकमध्ये जातो. ‘सावळ्याला पुसून ठेव’ म्हटलं की कॉलेजातला मुलगासुद्धा कोरडं फडकं शोधतो. नाव असलेली वस्तू कुणाच्या तरी लक्षात राहते. म्हणून नाव हाक मारण्याजोगं हवं. मिरवायला ठेवलेलं नाव दुसऱ्या आठवड्यात कुणी उच्चारत नाही.

आपल्याकडे हे काम शेतकरी फार चांगलं करतात. बैल दावणीला आला की त्याचं नाव पडतं. पांढरा तो ढवळ्या. कपाळावर ठिपका असेल तर चांद्या. त्यासाठी कुणी पंचांग उघडत नाही की पुस्तक चाळत नाही. अंगावरची खूण, रंग, चाल, यातलं जे आधी डोळ्यांत भरतं तेच नाव, आणि तेही बांधावरून हाक देता येईल असं दोन-तीन अक्षरांचं. चाकूचं नाव याच रीतीनं ठेवावं, एवढंच माझं म्हणणं. पुढचा सगळा त्याचा तपशील.

आधी कापू द्या

तेल पूर्ण वाळू द्या. कच्चं जवसाचं तेल वाळायला वेळ घेतं. पातळ हात द्यायचा, पुसून काढायचा, काही दिवस ठेवायचं, मग पुढचा हात. बाजारात मिळणाऱ्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या चाकूला मी कच्चंच वापरते. आणि एक सांगूनच ठेवते: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवा, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा.

मग चाकू रोजच्या कामाला लावा. कांदा, टोमॅटो, लिंबू, कैरी यांनी साध्या पोलादावर रंग चढतो. पहिल्या काही दिवसांत धारेच्या बाजूनं निळसर-जांभळी झाक येते, मग ती राखाडी होत पाठीकडे सरकते. लिंबाचा थेंब राहिला असेल तिथं काळपट ठिपका उमटतो. हा रंग घासून काढू नका. तो लाल गंजाला थोडीफार आडकाठी करतो. लाल दिसला तर मात्र लगेच पुसून, घासून तेल लावा. प्रत्येक घरात हा रंग निराळा येतो. कोकणातल्या घरात मासे आणि कोकम, आमच्याकडे उन्हाळ कांदा. एकाच पट्टीतून काढलेली दोन पाती महिन्याभरानं शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटत नाहीत. नावाला लागणारी अंगावरची खूण ती हीच.

आईकडे दिलेल्या चाकूचं नाव असंच पडलं. आई रोज त्याच्यावर कांदा चिरायची, धुवायची, पदराला पुसून खिडकीत ठेवायची. पातं गडद, पावसाळी ढगाच्या रंगाचं झालं होतं. मी नावाबद्दल काही विचारायच्या आधीच ती आत्याला म्हणाली, “तो सावळ्या घ्या हो वन्सं, त्या दुसऱ्याला नुसती पॉलिश आहे.” मी वर्षभर बसून विचार केला असता तरी याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

कापताना कानही उघडे ठेवा. जाड पाठीचा चाकू गाजरात शिरताना गाजर तडकवतो. पातळ पात्याचा नुसता सरकत जातो. चिंचेच्या लाकडाच्या पाटावर जड चाकू ठाक ठाक वाजतो, हलका जवळजवळ वाजतच नाही. शेजारच्या मुलींनी एका रुंद चाकूला ‘ठाकठोक’ म्हणायला सुरुवात केली, तेच नाव पक्कं केलं. तोल कुठं आहे तेही बघा. चाकू आडवा करून तर्जनीवर धरा. मुठीच्या तोंडाशी तोल आला तर तो हातात शांत बसतो. पुढं आला तर पातं स्वतःच खाली जायला बघतं. दोघांचे स्वभाव वेगळे, म्हणून नावंही वेगळी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात तो आपणहून कोण उचलतं ते पाहा. नाव ठेवायचा पहिला मान त्या माणसाचा, करणाऱ्याचा नंतर.

मुठीतलं लाकूड

पात्याचा रंग बदलत राहतो. लाकूड मात्र आपलं गाव सोबत घेऊन आलेलं असतं. माझ्याकडची निम्मी नावं मुठीतून निघालीत, त्यामुळे इथं जरा जास्त वेळ थांबते.

जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या आणि भद्रकालीच्या मागच्या गल्ल्यांत, एखादा जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया, कड्या, चौकटी वखारीत विकायला येतात. ते सागवान वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. आता कितीही पैसे मोजले तरी तसं नवं मिळत नाही. रंधा मारला की काळपट थराखालून मधासारखा रंग आणि तो ओळखीचा वास येतो. जुन्या खिळ्यांच्या जागी काळे डाग असतात. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की असा डाग पडतो आणि तो कायमचा असतो. पुष्कळ जण ते कापून टाकतात. मी मुठीची आखणीच अशी करते की डाग रिबिटाच्या शेजारी यावा. कामाची गोष्ट अशी की सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे एपॉक्सी लावायच्या आधी चिकटवायची बाजू ॲसिटोननं पुसायची, नाहीतर मूठ सुटते. अशाच एका वाड्याच्या माळवदातल्या कडीची मूठ केली, त्या चाकूचं नाव ‘कडीपाट’. ज्यांच्या घरी तो गेला त्यांचं बालपण कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या छताच्या, खोलीत गेलेलं. आता घरात सगळे त्याला नुसतं ‘कडी’ म्हणतात. नाव आखूड झालं म्हणजे ते वापरात आहे, असं समजा.

बांधावरच्या बाभळीचं लाकूड तांबूस, जड, चिवट. औताच्या आणि बैलगाडीच्या कामाला ते पूर्वीपासून चालत आलंय. मुठीला उत्तम, फक्त नीट वाळलेलं हवं. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याचा. दणका सोसतो, म्हणून सुऱ्याला मी तोच घालते. अंजन इतकं भरीव की पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि कानशीला दाद देत नाही. ‘अंजन’ हे नाव मुद्दाम शोधावंच लागलं नाही. तीन अक्षरं, हाकेला सोपं, कानाला गोड. शिसव देखणं, काळ्यावर जांभळ्या रेघा. घेताना वखारीचं बिल मागून घ्या, कारण शिसवाच्या कुळातल्या लाकडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात निर्बंध आहेत, आणि चाकू परदेशी पाठवायची वेळ आली तर कागद लागतो.

दिंडोरीकडच्या एका बागायतदार भाऊंनी जुनी द्राक्षबाग काढली आणि मनगटाएवढ्या खोडांची मोळीच माझ्याकडे आणून टाकली. “ताई, याची मूठ होईल का बघा. सरपणात घालायला मन होईना.” वेलीचं खोड पिळलेलं असतं, तंतू सरळ जात नाहीत, आणि वाळताना हमखास तडकतं. दोन्ही टोकांना मेण फासून सावलीत ठेवलं. जे तुकडे शाबूत राहिले त्यांत पातळ एपॉक्सी मुरवून बारीक चिरा भरल्या, तेव्हा कुठं एक मूठ निघाली. नाव काय ठेवायचं? भाऊ म्हणाले, “थॉमसन.” द्राक्षाची जात तीच होती. वहिनींना ते पसंत नव्हतं, त्या म्हणाल्या, “साहेबाचं नाव कशाला? छाटणीवरून ठेवा.” द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी माल घ्यायला. खरड कोण ठेवणार? ‘गोडी’ ठेवलं. तो चाकू फळं कापायचाच आहे. दर वर्षी गोडी छाटणी उरकली की भाऊ त्याला धार लावायला आणतात.

लाकडावरून नाव ठेवायचं असेल तर नुसतं झाडाचं नाव पुरत नाही, ते कुठलं होतं हे विचारा. ‘साग’ हे वखारीतलं नाव झालं. चौकट, तुळई, उंबरा, नांगराचा रुमणा, पाळण्याचा खांब: लाकूड आधी काय होतं त्यात नाव दडलेलं असतं.

नदी, डोंगर आणि चाकू की सुरी

गावाशेजारच्या नद्यांची नावं हाकेला फार छान आहेत. दारणा, कादवा, आरम, गिरणा, मोसम. गोदावरी मी ठेवत नाही. ती गंगा आहे, तिच्यात आपण हात जोडून उतरतो. डोंगरांची नावं पात्याच्या आकारावरून सुचतात. पाठ सरळ जाऊन टोकाशी एकदम उतरली की रामशेज आठवतो. ब्रह्मगिरी मनात कितीही आला तरी पात्यावर ‘ह्म’ उमटवताना घाम फुटेल, त्याचं पुढं सांगतेच.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाका: घरात त्याला चाकू म्हणणार की सुरी? चाकू ‘तो’ आणि सुरी ‘ती’. नदीचं नाव सुरीला सहज बसतं: “कादवा कुठं ठेवली?” तेच चाकूला दिलं तर दर वेळी जीभ अडखळते, आणि अडखळणारं नाव गळून पडतं. ‘ठाकठोक’, ‘सावळ्या’ चाकूला. ‘गोडी’ला आमच्या वहिनी ‘ती’ म्हणतात, भाऊ ‘तो’, आणि दोघांचंही चाललंय, पण असं प्रत्येक घरात होत नाही.

कोणती नावं टाळावीत

शस्त्रांची नावं शस्त्रांना राहू द्यावीत. शिवरायांच्या भवानी आणि जगदंबा, विष्णूचा नंदक, रावणाचा चंद्रहास ही नावं मोठी आहेत, आणि कांद्याच्या सालांत, सिंकमध्ये, मटणाच्या पाटावर ती येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. देवांच्या नावांचंही तेच. पंचवटीत लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं आणि त्यावरून गावाचं नाव नाशिक पडलं, ही कथा इथं प्रत्येकाला ठाऊक, त्यामुळे चाकूचा विषय निघाला की कुणीतरी ‘लक्ष्मण’ सुचवतंच. मी नाही म्हणते. ज्या नावात कुणाची तरी जखम आहे ते जेवण रांधायच्या जागी नको.

याला एक व्यवहाराची बाजूही आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं परवान्याच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. भाजीच्या चाकूवर ‘संहार’ लिहून तो काय आहे याबद्दल संशय कशाला निर्माण करायचा? मोठा सुरा केला तर बिलावर आणि पावतीवर तो स्वयंपाकाचा आहे असं स्पष्ट लिहा.

जिवंत माणसाचं नावही नको. रागाच्या भरात ‘अमक्याला धार लाव’ असं कुणी म्हणालं तर ऐकणाऱ्याला बरं वाटत नाही. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची असेल तर नावाऐवजी नातं घ्या. आजीच्या जुन्या विळीचं पातं काढून त्याचा चाकू करून द्या असं सांगणारे येतात. त्याला ‘आजीची’ याहून दुसरं नाव लागत नाही, आणि मी सुचवतही नाही.

हाक मारून बघा

दोन-तीन नावं उरली की स्वयंपाकघरात उभं राहून ती मोठ्यानं म्हणा, आणि कामाच्या वाक्यात म्हणा: “कढीपत्ता तोडायचाय, तो ___ दे.” मिक्सर चालू असताना म्हणून बघा. पलीकडच्या खोलीतून ऐकू आलं का? घरात कुणाच्या हाकेशी गोंधळ होतो का? चार अक्षरांपुढचं नाव आपोआप छाटलं जातं, तेव्हा छाटून काय उरेल तेही ऐकून ठेवा. लाजत लाजत म्हणावं लागणारं नाव बाद. हे काम वापरणाऱ्यानं करायचं. मी फक्त ऐकते आणि त्याच्या तोंडून कोणतं सहज निघालं ते वहीत लिहिते.

चाकू भेट म्हणून देणार असाल तर आपल्याकडची रीत पाळा: हातात देऊ नका. पाटावर ठेवा, नाव सांगा, घेणाऱ्याला उचलू द्या. काही घरांत त्याबदली रुपया ठेवतात. तोही घ्या, घासाघीस नको.

पात्यावर लिहिणं

नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. जपानी तलवार घडवणारे आपलं नाव मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या शेपटीवर कोरत. मूठ काढल्याशिवाय ते कुणाला दिसायचं नाही. पण आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की लोक विचारतातच.

पंचनं ठसा मारायचा तर पात्याला पाणी द्यायच्या, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करायच्या, आधी, पोलाद मऊ असताना. पाणी दिल्यावर मारलं तर पंचाचं टोक तरी जातं, नाहीतर पातं तडकतं. आधी मारायचं म्हटलं तरी खोल अक्षर नको. तेलात बुडवताना तडा तिथूनच सुरू होतो. आणि नाव तर महिन्यानंतर ठरणार, म्हणून पंचनं मी फक्त माझी एक लहान खूण उमटवते, मुठीजवळच्या जाड भागात.

सोपा रस्ता भांडी बाजारातून जातो. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली, आणि भांड्यावर नाव घालून देणारे कारागीर तिथं बसतात. त्यांचा विजेचा पेन पाणी दिलेल्या पात्यावर घसरतो. तिथं कार्बाइडचं किंवा हिऱ्याचं टोक लागतं. पण मुठीच्या तोंडाशी पितळी साम, म्हणजे कडं, बसवलेली असेल तर तिच्यावर नाव झकास उठतं, कारण पितळ मऊ. वळणदार अक्षर हवं असेल तर हाच मार्ग. जाताना चाकूची धार जाड पुठ्ठ्यात बांधून न्या, आणि नाव कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेल्या नावाची वेलांटी हमखास बदलते.

पात्यावरच हवं असेल तर मिठाच्या पाण्यानं आणि बॅटरीनं कोरता येतं. हे घरी जमण्यासारखं आहे. नंबरप्लेटवर रेडियम कापून लावणाऱ्याकडून नावाचं स्टिकर कापून घ्या, अक्षरं पोकळ ठेवून. पातं थिनरनं किंवा ॲसिटोननं पुसा, बोट लावू नका. स्टिकर चिकटवून भोवतीचा सगळा भाग टेपनं झाका. अर्धा कप पाण्यात पाव चमचा मीठ. ९ व्होल्टची बॅटरी किंवा १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर चालतो. घरातल्या प्लगला थेट काहीही जोडायचं नाही. अधिक तार पात्याला, उणे तार कान साफ करायच्या काडीवरच्या ओल्या कापसाला. कापूस अक्षरांवर टेकवला की बारीक फेस येतो आणि कापूस काळा-तपकिरी होतो. पाच-दहा सेकंदं टेकवा, उचला, पुसा, नवीन कापूस घ्या, पुन्हा. अक्षराच्या कडेवर नख अडायला लागलं की थांबा. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, धुवा, पूर्ण कोरडं करा, तेल लावा. हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा. मिठाच्या पाण्यातून निघणारा वायू नाकाला झोंबतो. स्टेनलेस पात्यावर मिठानं हे करू नका, त्यातल्या क्रोमियमपासून विषारी क्षार तयार होतात.

अक्षरांबद्दल जरा सावध राहा, कारण देवनागरी इथं परीक्षा घेते. क, व, ब, ळ या अक्षरांच्या पोटात बंद जागा असते. स्टिकरमध्ये तो ठिपक्याएवढा तुकडा सुटा होतो. ट्रान्सफर टेपनं उचलून जागेवर बसवावा लागतो, नाहीतर अक्षराचं पोट भरून जातं. ‘गोडी’तल्या ‘ग’ आणि ‘ड’ना बंद पोट नाही, ५ मिलिमीटर उंचीतही स्वच्छ आलं. ‘सावळ्या’ला वेळ लागला: ‘स’चं एक पोट, ‘व’चं एक, ‘ळ’ची दोन, त्याला जोडलेला ‘य’. अक्षरं ८ मिलिमीटर केली, ‘ळ्या’ मोडून दोनदा कापून घेतलं, तेव्हा कुठं दोन्ही गाठी उघड्या राहिल्या. शिरोरेषा पात्याच्या पाठीला समांतर ठेवा, जराशी तिरकी झाली तरी डोळ्याला खुपते. टोक डावीकडे आणि धार खाली ठेवल्यावर समोर येते त्या बाजूला, मुठीजवळ लिहा. पुढच्या भागात लिहिलं तर धार लावताना, घासताना झिजतं.

मुठीवर सोल्डरिंग गननं डागायचं असेल तर तेल लावायच्या आधी, आणि रिबिटापासून लांब. उष्णतेनं एपॉक्सी मऊ पडतं. मला मुठीवरचं नाव आवडत नाही, ते तळव्याला लागतं.

वही

प्रत्येक चाकूला एक पान द्या. नाव, ते कुणी ठेवलं, पोलाद कशातलं, टेम्परिंग, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, किती अंशाला (माझ्या कमानपट्टीच्या पात्यांना २०० अंश सेल्सिअस, दोन-दोन तास, दोनदा), लाकूड कुठलं, लांबी, वजन, कुणाकडे गेला. एक नाव दुसऱ्यांदा वापरू नका, जोडी करायची असेल तर जोडीचं नाव वेगळं ठेवा. खंडेनवमीला आम्ही शेडमध्ये हत्यारं पुजतो, तेव्हा धारेला आलेले चाकू ऐरणीशेजारी ठेवून वहीतली नावं वाचते. ज्यांना नाव बदलून हवं असेल ते त्याच सुमारास सांगतात. बदललं तर जुनं नाव वाचता येईल असं एका रेघेनं काटा. पात्यावरचं उथळ अक्षर ४००, मग ६०० नंबरच्या पेपरनं निघून जातं.

मूठ बदलायची वेळ प्रत्येक चाकूवर येते. पातं माणसाला पुरतं, लाकूड पाण्यानं आणि उन्हानं आधी थकतं. नाव पात्यावरून किंवा कामावरून पडलं असेल तर काही अडत नाही. सावळ्याला नवी मूठ घातली तरी तो सावळ्याच आहे. कडीपाटाचं तसं नाही, म्हणून त्या कडीचा हातभर तुकडा मी शेडच्या आढ्याला टांगून ठेवलाय आणि त्याच्या पानावर तशी नोंद केली आहे. लाकडावरून नाव ठेवणार असाल तर मूठ कापतानाच आणखी एका मुठीपुरतं लाकूड बाजूला काढा, त्यावर पेन्सिलनं चाकूचं नाव लिहा. तेवढं लाकूड उरत नसेल तर नाव दुसरीकडून घ्या.